ओव्हाळांची डबल काचेची खिडकी

शहाऐंशी सालच्या एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी ओव्हाळांच्या खिडकीचं डावं दार बिजागरीतून निखळलं, तिसऱ्या मजल्यावरून खाली गेलं आणि सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश राऊळ यांच्या स्कूटरच्या सीटवर जाऊन पडलं. स्कूटरवर त्या वेळी कुणी नव्हतं, हे सगळ्यांच्याच दृष्टीने बरं झालं. सोसायटीतल्या दोन-तीन जणांच्या दृष्टीने मात्र थोडं वाईटच.

कमल ओव्हाळने वाकून खाली पाहिलं. उजवं दार तिने एका हाताने धरून ठेवलं होतं, कारण त्याचाही काही भरवसा नव्हता. मुलुंड पूर्वेच्या त्या इमारतीला अजून बारा वर्षंसुद्धा झाली नव्हती, पण बिल्डरने खिडक्यांना लाकूड वापरलं होतं ते बहुधा सफरचंदांच्या खोक्यांचं.

"मेलं का कोण?" आतून तिच्या सासूबाई राधाबाई ओरडल्या.

"नाही आई. सीट फाटली."

"मंग वरडू नगं. च्या टाक."

कमलला मनातून आनंदच झाला होता. त्या खिडकीने तिला दहा वर्षं भाजून काढलं होतं. खिडकी पश्चिमेची. कमल टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पहिल्या पाळीला होती. पहाटे उठून जायची ती दुपारी अडीचला घरी यायची, नेमकी ऊन घरात शिरायला सुरुवात होताना. चार वाजता ते समोरच्या भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोपर्यंत पोचायचं. रंग उडेल म्हणून राधाबाई रोज फोटो उतरवून आतल्या खोलीत नेऊन ठेवायच्या आणि सहाला पुन्हा लावायच्या. फरशीवर अनवाणी पाय टेकवत नसे. कमलचा नवरा भीमराज साडेसहाला कारखान्यातून यायचा. तोवर सूर्य समोरच्या इमारतीमागे गेलेला असायचा. भीमराज शर्ट काढून पंख्याखाली बसायचा आणि म्हणायचा, "तुम्ही दोघी उगाच बोंब मारता. एवढं काही गरम होत नाही."

तर आता नवी खिडकी करावीच लागणार होती. कमलच्या मनात साधा हिशेब होता : चांगलं लाकूड, आडव्या पट्ट्यांच्या झडपा, काम खलास. पण भीमराज विक्रोळीला फ्रिजच्या कारखान्यात होता, आणि तोही दरवाजे विभागात. सोळा वर्षं त्याने फ्रिजचे दरवाजे घट्ट बसतात की नाही हे पाहण्यात घालवली होती. असल्या माणसाच्या घरची खिडकी पडते, तेव्हा प्रकरण साधं राहत नाही.

"गरमी म्हणजे काय?" संध्याकाळी त्याने विचारलं. उत्तरही त्यालाच द्यायचं होतं, हे बायकोला आणि आईला दिसत होतं. "गरमी म्हणजे बाहेरची पार्टी. तिला आत घ्यायचंच नाही. फ्रिज काय करतो? दोन पत्रे, मध्ये पोकळी, कडेला रबर. बास. आपण दोन काचा लावू, मध्ये हवा कोंडू, कडेला रबर. परदेशात सगळ्या घरांना असतं. आमचे इंजिनिअर जर्मनीला जाऊन आले, त्यांनी फोटो दाखवले."

"तिकडे बर्फ पडतो," कमल म्हणाली.

"तत्त्व एकच."

"फ्रिजला मोटर असते. आपल्या घरात थंडी कोण बनवणार? मी?"

भीमराजने या प्रश्नाकडे सुपरवायझरच्या नजरेने पाहिलं, म्हणजे पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी सकाळी भीमराजने कारखान्यात अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि ते दोघं राऊळांकडे गेले. सीटचे पैसे द्यायचे होते, आणि राऊळांनी नुकत्याच ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, काळ्या काचांच्या, बसवून घेतल्या होत्या. त्याही बघायच्या होत्या. सोसायटीच्या खिडक्या एकसारख्या असाव्यात असा ठराव राऊळांनीच मांडला होता आणि पहिल्यांदा मोडलाही त्यांनीच.

सकाळचे अकरा वाजले होते आणि राऊळांच्या हॉलमध्ये ट्यूब चालू होती.

"झकास आहे ना?" राऊळ म्हणाले. "एक बोट लावा, सरकते."

भीमराजने बोट लावलं. सरकली. दुसरी काच सरकवायला गेला, तेव्हा पहिली मध्ये आली.

"म्हणजे अर्धी खिडकी कायम बंदच?"

"अर्धी कायम उघडी असं म्हणा ना, यार."

राऊळांच्या बायकोने, विमलाबाईंनी, चहा आणला. राऊळ स्कूटरची फाटकी सीट दाखवायला भीमराजला खाली घेऊन गेले, तशा त्या कमलच्या कानाशी वाकल्या. "दुपारी त्या काचेवर भाकरी भाजून घ्यावी. आणि दिवसभर दिवा. मी विचारलं यांना, ह्यात वाचलं काय? तर म्हणतात, शोभा." मग म्हणाल्या, "मी दुपारी जिन्यात बसते. तिथे वारा लागतो. तू पण ये."

काळी काच बाद झाली एवढं एकच नवरा-बायकोला पटलं. पण भीमराजने डबल काच सोडली नाही. आठवडाभर जेवताना, दाढी करताना, चपला घालताना तो त्याच एका विषयावर बोलत होता. शेवटी कमल कंटाळली.

"करा," ती म्हणाली. "पण एक अट. तुमची बुधवारची सुट्टी तुम्ही युनियनच्या ऑफिसात काढता. पहिल्या बुधवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत घरात बसायचं. खिडकी बंद करून."

"बसतो की! थंडी वाजली तर चादर दे."

काम सहदेव मेस्त्रीकडे गेलं. सहदेव मालवणचा. अख्ख्या मुलुंडमध्ये त्याच्याएवढं सरळ दार कुणी बसवत नसे, आणि त्याच्याएवढं तोंडावर बोलतही नसे. भीमराजने काढलेलं चित्र त्याने उलटंसुलटं करून पाहिलं.

"भाऊ, तुमका खिडकी व्हयी काय पेटारो?"

"मी सांगतो तसं कर रे."

"करतंय. माझा काय जाता? घामटा तुमका निघतला."

त्याने केलं, आणि करायचं म्हणून चोख केलं. सागवानी चौकट, दोन काचांमध्ये बोटभर पोकळी. भीमराजने कारखान्यातून गेटपास काढून फ्रिजच्या दाराचं रिजेक्टमधलं रबर आणलं, आत चुंबक असलेलं. ते चिकटावं म्हणून चौकटीला चारी बाजूंनी लोखंडी पट्टी ठोकली, आणि पट्टी गंजू नये म्हणून तिला ऑइल पेंट मारला. मंगळवारी संध्याकाळी खिडकी बसली. भीमराजने ती ढकलली. ती 'थप्प' असा आवाज करून बंद झाली, अगदी फ्रिजसारखी.

रात्रीच्या जेवणापर्यंत अख्खी इमारत तो 'थप्प' ऐकून गेली. लोक खिडकी उघडायचे, बंद करायचे आणि एकमेकांकडे पाहून हसायचे. भीमराज दाराशी उभा राहून लग्नातल्या वरबापासारखा सगळ्यांचं स्वागत करत होता. राधाबाईंनीही एकदा उघडून पाहिली.

"आतला दिवा न्हाई लागला, भीमा," त्या म्हणाल्या.

बुधवारी कमल नेहमीप्रमाणे पहाटे कामावर गेली. दुपारपर्यंत काय काय झालं ते राधाबाईंनी नंतर तिला सविस्तर सांगितलं. भाजीवाला आला, त्याने हाक मारली, ती आत ऐकूच आली नाही. रोज दोरीने खाली सुटणारी पिशवी तशीच खुंटीला राहिली. मग राधाबाईंनी कालचे उरलेले बोंबील भाजले. तो वास बाहेर जाईना. त्याला जायला जागाच नव्हती. तो कपड्यांत बसला, उशीत बसला, चहात उतरला. बाराला भीमराजने तापाचा थर्मामीटर काढून टेबलावर ठेवला, कारण घरात दुसरा नव्हता. एक वाजता राधाबाई म्हणाल्या, "मी जिन्यात जाती. तू कर तुजी परीक्षा."

अडीचला कमल जिना चढून वर आली, तर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर राधाबाई आणि विमलाबाई पाय पसरून शेंगा सोलत बसल्या होत्या.

"जा, बघ," राधाबाई म्हणाल्या. "फ्रिज बंद पडलाय."

लाइट दोन वाजताच गेले होते. घरात पंखा थांबलेला. भीमराज चड्डी-बनियनवर फरशीवर बसला होता, डोक्याला ओला पंचा, चेहरा शिजवलेल्या बिटासारखा. बोंबलांच्या वासाने कमलचे डोळे चुरचुरले. तिने टेबलावरचा थर्मामीटर उचलून पाहिला.

"निन्याण्णव," ती म्हणाली. "घराला ताप आहे."

भीमराज हसला नाही. त्याने तिच्याकडे मान वर करून पाहिलं. "रोज असंच असतं?"

"लाइट असतात रोज. बाकी असंच."

"दहा वर्षं?"

"मी सांगत होते ना."

कमलला वाटलं होतं, अशा वेळी आपल्याला मस्त वाटेल. कितीतरी टोमणे तिने बसमध्ये उभ्याउभ्या तयार ठेवले होते. पण पंच्यातलं पाणी त्याच्या नाकावरून ठिबकत होतं, आणि टोमणे काही तोंडातून निघेनात.

"उघडा ती आता," ती म्हणाली.

"उघडत नाहीये."

"म्हणजे?"

"एक वाजल्यापासून ओढतोय. गरमीने रबर मऊ झालं, पेंट अजून ओला होता. चिकटलं." मग खूप हळू तो म्हणाला, "तत्त्व बरोबर आहे. फ्रिजला मोटर असते, ते राहिलं."

हे त्याने स्वतःचं वाक्य असल्यासारखं म्हटलं. कमलने सोडून दिलं.

सहदेव मेस्त्री शेजारच्याच गल्लीत काम करत होता. तो पटाशी घेऊन आला, खिडकीकडे पाहिलं, भीमराजकडे पाहिलं, आणि पटाशीला धार लावायला बसला. हसू आवरायला त्याला तेवढा वेळ लागणार होता. मग त्याने रबर कापलं. खिडकी फटकन उघडली आणि वारा आत आला. दुपारी पश्चिमेकडून येतो तो समुद्राकडचा, खारट वारा. भीमराज त्याच्यासमोर बनियन वर करून उभा राहिला. ऊनही आलंच, वाऱ्याच्या बरोबरीने.

"म्हणजे दोघं एकाच दारातून येतात," कमल म्हणाली. "एकाला घ्यायचं आणि एकाला घालवायचं."

सहदेवने मान डोलावली. "मगे मी काय सांगतंय? पट्ट्यो लावा. उतरत्यो."

पण कमल आता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. खिडकीत उभं राहिलं की वारा लागत होता, आणि तीन हातांवरचं कॅलेंडर जागचं हलत नव्हतं. वारा आत यायचा आणि उभाच राहायचा. ती स्वयंपाकघरात गेली. ओट्याच्या वर जाळीचं एक भोक होतं. तीन वर्षांपूर्वी कबुतरं येतात म्हणून भीमराजने तिथे पुठ्ठा ठोकला होता, दोन थरांचा, फ्रिजच्याच पॅकिंगचा. कमल ओट्यावर चढली आणि तिने पुठ्ठा दोन्ही हातांनी ओढून काढला. जुनी घरटी, काड्या आणि बरीच धूळ तिच्या डोक्यावर पडली.

जिन्यातून वर आलेल्या राधाबाईंचा हॉलमधून आवाज आला, "आगं, क्यालिंडर उडालं!"

नवी खिडकी कमलने ठरवली. भीमराजने फक्त एकदा तोंड उघडलं. पट्ट्यांचा उतार किती असावा, यावर. ते त्याचं बरोबर निघालं, म्हणून तेवढं घेतलं. चारचं ऊन ज्या कोनात येतं तो कोन त्याने दोरी धरून मोजला, आणि त्यासाठी पुढच्या बुधवारचीही युनियन बुडवली. वरच्या अर्ध्यात आडव्या पट्ट्या, काठी ओढली की मिटणाऱ्या. खालचा भाग वेगळा उघडणारा, राधाबाईंच्या पिशवीसाठी. ही त्यांची एकमेव मागणी होती आणि ती त्यांनी सहदेवला चार वेळा सांगितली. बाहेरून वाळ्याचा पडदा. स्वयंपाकघरात कबुतरांसाठी बारीक जाळी.

मेचा पहिला आठवडा उलटला तेव्हा खोली महाबळेश्वर झाली नव्हती. मुलुंड मुलुंडच होतं. पण फरशीवर पाय टेकवत होता, पंखा दोनवर पुरत होता, आणि फोटो चार वाजताही भिंतीवरच राहू लागला होता.

मेच्या दुसऱ्या बुधवारी दुपारी तीन वाजता चंद्रप्रकाश राऊळ ओव्हाळांकडे आले. हातात टाइप केलेला कागद होता. सोसायटीच्या दर्शनी भागाचं स्वरूप विनापरवानगी बदलल्याबद्दल नोटीस.

"नियम म्हणजे नियम," ते दारातच म्हणाले. "तुम्ही एकटेच लाकडी पट्ट्या लावणार, तर इमारत दिसणार कशी?"

"बसा तर खरं," कमल म्हणाली. "घामाघूम झालात."

राऊळ खिडकीसमोरच्या खुर्चीत बसले. शर्टाचं वरचं बटण त्यांनी सोडलं. थोड्या वेळाने दुसरं. पट्ट्यांतून वारा येत होता आणि वाळ्याला पाण्याचा वास होता. ते नोटिशीतलं दुसरं कलम वाचत होते, तिथेच त्यांचा आवाज मंद झाला. कमल चहा घेऊन आली तेव्हा सेक्रेटरी घोरत होते.

"उठवू?" फरशीवर आडव्या झालेल्या भीमराजने विचारलं.

"झोपू द्या. घरी ट्यूबखाली त्यांना झोप लागत नसेल."

अर्ध्या तासाने विमलाबाई नवऱ्याला शोधत आल्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि राधाबाईंच्या शेजारी फरशीवरच बसकण मारली.

"कमल," त्या हळूच म्हणाल्या, "तो मेस्त्री आज कुठे कामाला आहे गं? हे उठायच्या आत जाऊन येते."