तीनच्या पाठीला

मोठ्या मुलांना घेऊन एका दिवसात कुठे जाऊन येता येईल, हे एकदा शोधायला बसा, म्हणजे कळेल. कॉम्प्युटरवर विचारलं की ढीगभर जागा निघतात, आणि प्रत्येक जागेच्या फोटोत तीच चौघं हसत असतात. आई, बाप, मुलगी, मुलगा. चौघांचे रेनकोट नवे कोरे. खाली लिहिलेलं असतं, सर्व वयोगटांसाठी. याचा अर्थ पाच वर्षांच्या पोरांसाठी. पंधरा वर्षांच्या मुलीला कुठे न्यायचं, हे त्या फोटोवाल्यांच्या बापालाही माहीत नाही.

मी सगळं करून बसलो होतो. मार्चमध्ये शेतावर नेलं. तिथल्या बाईंनी मिरेनच्या हातात कोकराची दुधाची बाटली दिली. मिरेनने ती अशी धरली, की जणू कुणाचं तरी औषध धरलंय. एप्रिलमध्ये किल्ला. पांढरी चादर पांघरून भूत बनलेला एक माणूस दाराआडून ओरडला, तर लॉर्न म्हणाला, "अरे बापरे, घाबरलो." त्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून म्हणाला, पोरगं गुणी आहे. मे महिन्यात पाऊस थांबेना, म्हणून ब्रेहेडच्या मॉलमध्ये बसलो. तिथे मात्र दोघं खूश! मी बाकावर तीन कोटांची राखण करत बसलो आणि मनातल्या मनात त्या मॉलला शिव्या दिल्या.

मिरेन आणि लॉर्न नॉटिंगहॅमला राहतात, त्यांच्या आईकडे, शीनाकडे. चार वर्षं झाली. महिन्यातून एकदा शुक्रवारी आगगाडीने येतात, रविवारी जातात. मी ग्रीनॉकला बसच्या गॅरेजात मेकॅनिक. मधल्या शनिवारी मी बाप असतो, बाकी दिवस नुसता इनिस.

लॉर्न बारा वर्षांचा. आमच्याकडे नाश्त्याच्या चौकोनी सॉसेजलाही लॉर्नच म्हणतात. इथे असता तर शाळेत पोरांनी त्याला तव्यावर घातला असता. तिकडे हा विनोद कुणालाच कळत नाही, म्हणून सुखात आहे बिचारा.

जूनच्या सुरुवातीला शीनाचा फोन आला.

"मिरेन पुढच्या महिन्यात सोळाची होतेय, इनिस. यापुढे मी तिला ढकलून गाडीत बसवणार नाही. यायचं की नाही, ते तिचं ती ठरवेल."

"ती काय म्हणतेय?"

"काहीच म्हणत नाहीये. म्हणून तर फोन केला."

फोन ठेवला. म्हणजे आता एकच शनिवार हातात. त्या शनिवारी तिला आवडलं तर ती येईल, नाहीतर माझी पोरगी नाताळच्या कार्डापुरती उरेल. हे असलं कुणाला सांगायचं? कँटीनमधल्या सेंगाला सांगितलं. ती चहा ओतता ओतता म्हणाली, "मिलपोर्टला ने."

"अगं, त्या बेटावर माझे आजोबा जायचे सुट्टीला!"

"आणि तू?"

"मी पण जायचो."

"मज्जा यायची ना? मग ने की. निदान तिघांतला एक तरी खूश होईल."

भारी जीभ आहे त्या बाईला. पण मी नेलं.

लार्ग्सला गाडी लावली, बोटीत बसलो. बोट म्हणजे काय, बसल्या बसल्या पलीकडे पोचते. मिरेनने कानातले इअरफोन काढले नाहीत, पण निदान वर डेकवर उभी राहिली, आत जाऊन बसली नाही. मी ते जमेत धरलं. माझा फोन मी मुद्दाम गाडीतच ठेवला होता. म्हटलं, आज माझं सगळं लक्ष यांच्याकडे.

धक्क्यावरून बसने गावात गेलो, सायकली भाड्याने घेतल्या. बेटाला गोल वळसा घालणारा एकच रस्ता, समुद्राच्या काठाकाठाने, दहा मैलांचा. आमच्या भागातल्या प्रत्येकाने लहानपणी त्यावर गुडघे फोडून घेतलेत. मी सायकलवर टांग टाकतोय तोवर मिरेन म्हणाली, "बाबा, मी एकटी गेले तर चालेल?"

"एकटी? का गं?"

"असंच. तुम्ही इकडून जा, मी तिकडून जाते. गोलच तर आहे रस्ता. मध्ये भेटूच."

मला नको म्हणायचं होतं. महिन्यातून एक दिवस, आणि त्यातही एकटी? पण सोळा वर्षं, शीनाचा फोन, सगळं डोक्यात घुमत होतं. मी म्हटलं, "जा की. मजा कर. तीनच्या पाठीला इथे दुकानापाशी ये, मग चिप्स खाऊ."

"ओके," म्हणाली आणि सुटली.

मी आणि लॉर्न निघालो. वारा अंगावर, पण ऊन होतं. लॉर्न बडबडत होता. सील दिसला का, तो दगड आहे का, दगड असेल तर त्याला मिशा कशा. मी हसत होतो, पण लक्ष सगळं पुढे. प्रत्येक वळणाला वाटायचं, आता येईल.

बेटाच्या मागच्या बाजूला, जिथे घरंच नाहीत, तिथे ती दिसली. लांबून आली. दोन्ही हात हँडलवरून सोडलेले, केस सगळे मागे उडतायत, आणि गात होती. ओरडून गात होती हो! चार वर्षांत मी तिला इतकी खूश पाहिली नव्हती. माझा ऊर असा भरून आला, की मला सायकल थांबवावी लागली. जिंकलो, वाटलं. सेंगाला केक घेऊन जायचा, वाटलं.

मग तिने आम्हाला पाहिलं. गाणं बंद. हात हँडलवर. चेहरा पुन्हा नेहमीसारखा सभ्य. जवळून जाताना तिने एक हात जरासा वर केला. आमच्याकडे अरुंद रस्त्यावर समोरून कुणीही आलं की माणूस असा हात करतो, ओळख असो नसो. बस, तसा हात. गेली.

"ताई गात होती," लॉर्न म्हणाला.

"ऐकलं मी."

"घरी कधी नाही गात."

मी पुन्हा सायकलवर टांग टाकली. ती खूश होती, माझ्याच बेटावर खूश होती, फक्त त्यात मी नव्हतो. जळफळाट झाला माझा. स्वतःच्या पोरीच्या आनंदावर जळणारा बाप मी, घ्या.

पण म्हटलं, असू दे. चिप्स खाताना बोलू. लॉर्नला आइस्क्रीम हवं होतं, ते घेतलं. घाई नव्हती. तीनचा ठोका पडून गेल्यावर आम्ही आरामात, आइस्क्रीम चाटत दुकानापाशी आलो. मिरेन नाही.

दुकानातला म्हातारा बाहेर आला. "उंच मुलगी? लाल जर्किन? सायकल कधीच देऊन गेली ती. त्या भिंतीवर बराच वेळ बसली होती हो. मी आत ये म्हटलं, तर नको म्हणाली. मग बस आली, त्यात बसून धक्क्याकडे गेली."

"कधी?"

"तीनच्या ठोक्याला."

माझ्या हातातलं आइस्क्रीम तिथेच पडलं. पुढची बस मिळेपर्यंत मी त्या रस्त्यावर वेड्यासारख्या येरझारा घातल्या. फोन गाडीत! लक्ष देणार होतो ना मी सगळं! धक्क्यावर पोचलो, तर तिथेही नाही. बोटीवरचा माणूस म्हणाला, लाल जर्किन मागच्या फेरीला पलीकडे उतरली. सकाळी एवढीशी वाटलेली खाडी आता संपता संपेना. लॉर्नने माझी बाही धरून ठेवली होती.

ती लार्ग्सला आमच्या गाडीपाशी उभी होती. भुरभुर सुरू झाली होती, गाडीला कुलूप, आणि ही बाहेर भिजत. तिला धडधाकट पाहिलं आणि माझी भीती गेली, तिची जागा रागाने घेतली. कशाला घेतली, देव जाणे.

"अक्कल आहे का तुला? तीनच्या पाठीला म्हणालो होतो ना मी!"

"हो ना! मग? मी अडीचपासून बसले होते! तुम्ही आलातच नाहीत!"

"अडीचपासून? पाठीला म्हणजे तीन वाजून गेल्यावर! सव्वातीन, फार तर साडेतीन! हे काय कुणाला सांगावं लागतं?"

"पाठीला म्हणजे मागे. मागे म्हणजे आधी," ती म्हणाली. "मला वाटलं उशीर नको व्हायला. तू मला चिप्स देणार होतास. मी जीव तोडून सायकल मारत आले. मग वाटलं, तुम्ही मला विसरून गेलात. तुम्ही दोघं. तुला फोन केला तर गाडीतून वाजतोय."

सबंध क्लाइड नदीच्या काठावर एक माणूस असा सापडणार नाही, ज्याला तीनची पाठ कुठे असते हे माहीत नाही. शेंबडं पोर सुद्धा चुकत नाही. आणि माझी मुलगी, ग्रीनॉकला जन्मलेली, त्या भिंतीवर बसून राहिली.

"अगं, आपल्याकडे असंच म्हणतात. आपलीच बोली आहे ती," मी हळू म्हटलं.

"तुझी आहे, बाबा. माझी होती."

चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. पण तिने ते अगदी समजुतीने सांगितलं. लॉर्नने पुढे होऊन तिच्या हातात आपल्या खिशातला चुरगळलेला टिश्यू दिला. मी गाडी उघडली. हीटर लावला. चिप्स घेतल्या, गाडीतच खाल्ल्या, काचा वाफेने भरल्या. ती म्हणाली, "छान आहेत." मी म्हटलं, "मीठ जास्त झालंय." एवढंच बोललो.

रात्री झोप कसली लागतेय. जीव तोडून सायकल मारत आले, हे वाक्य काही डोक्यातून जाईना. ती आली होती हो. मला भेटायला वेळेच्या आधी आली होती. आणि मी तिच्यावर ओरडलो.

रविवारी लोकलने ग्लासगो सेंट्रल स्टेशनला सोडायला गेलो. गाडीत मी सॉरी म्हणालो, एकदा नाही, तीनदा. ती म्हणाली, "असू दे बाबा, खरंच. तुझी काही चूक नाही. माझी पण नाही." लॉर्नने मला घट्ट मिठी मारली आणि पुढच्या खेपेला सील नक्की दगड नाही हे सिद्ध करतो म्हणाला. तो नॉटिंगहॅमच्या गाडीत जागा धरायला गेला. मिरेन पायरीवर एक पाय ठेवून थांबली.

मी ठरवलं होतं, विचारायचं नाही. दबाव टाकायचा नाही. शीनाने बजावलं होतं. पण तोंडातून गेलंच.

"पुढच्या महिन्यात काय करायचं? अरानला जाऊ. तिथे डोंगर आहे. दोऱ्यांवरून चढायचं काहीतरी आहे जंगलात, मी पाहिलंय, मोठ्या मुलांसाठीच आहे ते, खरंच मोठ्यांसाठी. तुला एकटीला हिंडायचं असेल तर हिंड. आणि मी वेळ नीट सांगेन. घड्याळातली. येशील ना?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या कोटाची कॉलर आत वळली होती, ती हात पुढे करून सरळ केली.

"बघू हं, बाबा," ती म्हणाली.

आणि इतकं गोड हसली.

बघू. लहान पोरं समुद्रावर चला, कुत्रं आणू, आई परत इथे राहायला येईल का असं विचारतात, आणि त्यांना तिथल्या तिथे रडवायचं नसतं, तेव्हा मोठी माणसं हेच म्हणतात. मी स्वतः तिला किती वेळा म्हणालो असेन. याच आवाजात, असंच हसून. त्याचा अर्थ काय असतो, हे म्हणणाऱ्याला पक्कं माहीत असतं. ऐकणाऱ्याला काय वाटतं, तेही आज मला कळलं.

"हो, बघू," मी म्हटलं. तिला बरं वाटावं म्हणून हसलोसुद्धा.

दारं लागली. लॉर्न काचेला नाक चिकटवून वेडेवाकडे चेहरे करत होता, त्याला मी उलट चेहरे करून दाखवले. ती त्याच्या मागे उभी होती आणि हात हलवत होती, गाडी दिसेनाशी होईपर्यंत. मग मी ग्रीनॉकची गाडी कुठून सुटते ते पाहायला वळलो. तिकीट देणाऱ्या बाईने विचारलं, "एकटेच का?" मी म्हटलं, "हो, एकच."