अजून उतरतंय ते विमान

विमानमाळावर उतरायला म्हणून इंग्रजांच्या लढाईत जे विमान आलं, ते अजून उतरतंच आहे. उंबरदऱ्यात याचं कुणाला नवल नाही. पोर कळतं झालं की आभाळाकडं बोट दाखवून विचारतं, "ते काय?" आणि आई सांगते, "विमान हाय. उतरतंय. तू जेव गुमान."

माळ पूर्वी गायरान होता. लढाईत गोऱ्यांनी तो ताब्यात घेतला, गावातल्या बायामाणसांकडून दगडगोटे वेचून घेतले, रूळ फिरवला, कडेनं चुना फासलेले दगड मांडले. सिमेंट ओतायला सवड नव्हती, म्हणून गवतच ठेवलं. विमानं गवतावर उतरायची, गवतावरनंच उडायची. पुढं लढाई संपली, गोरे गेले, विमानंही गेली. हे एकटं तेवढं राहिलं, कारण ते अजून टेकलंच नव्हतं. जो आलाच नाही त्याला जा तरी कसं म्हणायचं? आता माळ आपल्या लष्कराचा. हिवाळ्यात जवान येऊन छत्र्या बांधून उड्या मारतात, एनसीसीची पोरं बिनइंजिनाची विमानं उडवायला शिकतात. वाटेत बसलेल्या म्हशीला घालावा तसा सगळे त्या विमानाला वळसा घालतात.

विमानाचा नियम एकच. माळावरचं गवत जेवढं कापलं, तेवढं ते खाली यायचं. वीतभर कापलं तर वीतभर, हातभर कापलं तर हातभर. मग कापू नये म्हणाल, तर ते सांगणार कुणाला? वरून लष्कराचा हुकूम, आणि खाली गावची जनावरं त्याच गवतावर जगलेली. एका वर्षी गावानं हट्टानं विळे घरात ठेवले. गवत पुरुषभर वाढलं. विमान जागचं हललं नाही, पण त्याची घरघर अशी वाढली की गायी पान्हा चोरायला लागल्या. दसऱ्याच्या आत सगळे निमूट विळे घेऊन माळावर हजर.

अंजिराचं घर माळाच्या उगवतीच्या टोकाला, ऐन विमानाच्या वाटेवर होतं. तिचा नवरा कोंडिबा माळाचा राखणदार. गुरं हाकलायची, दगड रंगवायचे आणि दिशेचं कापड अंथरायचं, हे त्याचं काम. दिशेचं कापड म्हणजे दोन पांढऱ्या पट्ट्या. एक लांब, आणि तिच्या टोकाला जोडलेली दुसरी आडवी. वरून वैमानिक ते बघतो आणि लांब पट्टीच्या शेपटाकडून येऊन उतरतो. कोंडिबाच्या आज्यापासून ते शेपूट उगवतीकडं होतं, म्हणून विमानही उगवतीकडं होतं.

त्या पावसाळ्यात त्यांची लेक रेश्मा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. आणि श्रावणातल्या कापणीला विमानाची चाकं कौलांना लागली. आणखी दोन दिवस कापणी चालली तेव्हा कौलं फुटून एक चाक आत आलं आणि बाळंतिणीच्या बाजेवर, हात लावावा इतक्यावर थांबलं. बाज ओढून पलीकडच्या खोलीत नेली, तर तिथं दुसरं चाक. आणि सोयर फिटल्याशिवाय बाळंतिणीला दुसऱ्याच्या घरात घेणार कोण? रेश्मा आपली चाकाकडं बघत बाळाला पाजायची. अंजिरा मात्र रात्रभर बाजेशी जागत बसायची.

ती छावणीत साहेबांकडं गेली.

"साहेब, घरात बाळंतीण हाय. तेवढं विमान काढा."

साहेबांनी तिला खुर्ची दिली, चहा दिला. "मावशी, ते आमच्या आधीचं आहे. काढायचं तर आधी ते उतरायला पाहिजे."

"उतरलं तर माझी लेक जाईल न्हवं!"

"उतरल्याशिवाय काही करता येत नाही," साहेब म्हणाले. त्यांनाही वाईट वाटलं. माणूस भला होता.

परत येताना अंजिरानं मागचापुढचा विचार केला नाही. कोंडिबा लष्कराच्या दुसऱ्या माळावर महिन्याभराच्या कामाला गेलेला. तिनं दिशेच्या कापडावरचे दगड उचलले, पट्ट्या ओढल्या आणि शेपूट मावळतीकडं करून टाकलं. विमानानं चाकं छपरातनं सोडवून घेतली आणि जागा शोधणाऱ्या कोंबडीसारखं ते माळाच्या कडेकडेनं निघालं. बाळाचं बारसं झालं तोवर ते अर्ध्या वाटेत होतं. सव्वा महिना भरला तेव्हा मावळतीच्या टोकाला पोचलं. अंजिरानं देवापुढं साखर ठेवली.

साखर अजून तिथंच होती, तेव्हा कामावरनं परतलेला कोंडिबा विचारत आला.

"कापड कुनी फिरवलं?"

"मी. सुटलो की न्हाई?"

"मावळतीला काय हाय, ठाव हाय न्हवं तुला?"

अंजिराचा हात तोंडावर गेला. मावळतीला वाडी होती, आणि वाडीत रेश्माचं सासर. आता हसावं की रडावं! लेक माहेरी आली की तिला सासर असतं, हे कुठल्या आईच्या ध्यानात राहतं?

दोघं धावत माळावर गेली, शेपूट पुन्हा उगवतीला केलं. विमान ढिम्म हललं नाही.

"एकडाव वळला, आता त्यो वैमानिक कापडाकडं बघत न्हाई," कोंडिबा म्हणाला. "टेकायच्या येळंला नजर जमिनीवर असती."

दुसऱ्या दिवशी सासरची माणसं न्यायला आली. अंजिरानं लेकीचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले.

"नगं जाऊ बाई. तिथं विमान आलंय."

"इथं व्हतं तवा ऱ्हायलेच की मी," रेश्मा म्हणाली. "आता तिथं ऱ्हाईन. सव्वा महिना झाला आई, लोक काय म्हनतील?"

तिची ओटी भरली, बाळाला तीट लावली आणि ती गेली.

पाठोपाठ दिवाळीआधीच्या कापणीचा हुकूम आला. अंजिरा माळावर धावत सुटली. ज्याच्या त्याच्या पुढं हात जोडले. "आजच्या दिस थांबा, बाबांनो." बायकांनी पदरानं डोळे पुसले, पुरुषांनी माना खाली घातल्या. "वैनी, गोठ्यात काडी न्हाई. आमी तरी काय करावं?" म्हणत ते विळ्यांना धार लावत राहिले. धार लावेपर्यंत वाडीला पोचू म्हणून ती पळाली. माळ संपता संपेना.

रेश्माच्या अंगणात गार सावली पडली होती. एका पंखावर सासूनं गोधड्या वाळत घातल्या होत्या. दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्याला झोळी बांधलेली, आणि झोळीत बाळ. रेश्मा दोरी ओढत होती.

"रेश्मे, काढ त्याला भाईर!"

"हळू की आई. आत्ताच डोळा लागलाय. घरात निसता किरकिर करतो. हितं घरघरीत बघ कसा झोपलाय."

अंजिरानं झोळीत हात घातला, तर रेश्मानं तो मनगटाला घट्ट धरला. लहानपणी जत्रेत धरायची तसाच.

अंजिरानं वर पाहिलं. काचेआडून वैमानिक वाकून बघत होता. मिसरूडही न फुटलेलं, घामानं डबडबलेलं पोरगं. ती त्याच्यावर ओरडणार, तोच त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

माळावर विळे एकदम सुरू झाले. झोळी अंगणातल्या सारवणाला अलगद टेकली, आणि दोन्ही बाजूंनी चाकं हळूहळू खाली येत राहिली.