उजेडातला चमत्कार

शनिवारी मॉलमधल्या लेझर केंद्राच्या काचेला अर्धं गाव नाक लावून उभं असे. आत झगझगीत दिव्यांखाली डॉक्टर स्ट्रँड डोळ्यांवर लेझर मारत आणि लगेच रुग्णाला उठवून भिंतीवरचं घड्याळ वाचायला लावत. घड्याळ कसलं, परातच ती! तरी रुग्णानं वेळ सांगितली की टाळ्या पडत.

"डोळ्याचा मध्यबिंदू? तो माझं यंत्रच शोधतं," डॉक्टर माईकवरून सांगत. "डोळा हलला तर मागे धावतं. तुम्ही फक्त श्रद्धा ठेवा."

"शस्त्रक्रिया आहे की जत्रा?" मी बायकोला, आइलीला, म्हणालो.

"तुला चर्चमध्येसुद्धा खोट दिसते, आइनो," ती हसली.

आइली शाळेची बस चालवायची. अमेरिकेच्या उत्तर टोकाला, आमच्या दुलुथला, हिवाळ्यात पोरं अंधारातच बसची वाट बघतात. थंडीत चष्म्यावर वाफ धरायची, म्हणून तिला तो नकोसा झाला होता. शस्त्रक्रियेनंतर तिनं घड्याळ वाचलं आणि रडली. मीही रडलो, खोटं कशाला बोलू?

मग हिवाळा आला. एका सकाळी थांब्यावर तिनं बस उभी केली ती पुढे नेईना. "मला दोन पोरं दिसतायत," ती फोनवर म्हणाली, "त्यातलं खरं कुठलं ते कळत नाहीये रे." किल्ल्या तिनं आपण होऊनच परत केल्या.

स्ट्रँडनी तिला पुन्हा घड्याळ वाचायला लावलं. तिनं वाचलं. "दिसतंय की! मन शांत ठेवा," म्हणाले.

शेवटी विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉक्टर ह्रुस्का बाईंनी आधी दिवे मालवून तिला तपासलं. मग कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, नकाशा समोर धरला. लेझरनं कोरलेला गोल एका बाजूला सरकला होता.

"यंत्र डोळ्यामागे धावतं हे खरं," बाई म्हणाल्या, "पण डॉक्टर जो बिंदू लावून देईल, त्याच्याच मागे. यांनी बाहुलीचा मध्य धरला. आइली, तुझी नजर बाहुलीच्या मधून जात नाही, नाकाच्या बाजूनं जाते. प्लस नंबरवाल्यांत असं पुष्कळदा असतं. दिव्याकडे बघायला लावून मोजलं असतं तर कळलं असतं."

"मग घड्याळ कसं दिसलं?" मी विचारलं.

"झगझगीत उजेडात बाहुली बारीक होते, कडेचा गोंधळ झाकला जातो. अंधारात ती उघडते."

"पुन्हा करून सरळ होईल?" आइलीनं विचारलं.

"तुझा कॉर्निया आता पातळ आहे. मी हात लावणार नाही, बाळा."

आइलीनं मान हलवली.

लेझर थोतांड नव्हे, त्यानं कित्येकांचे चष्मे सुटले आहेत. मोजायचं सोडून श्रद्धा मागणं हे थोतांड. मध्य कुठे धरणार, कसा मोजला, नकाशा दाखवा, असं विचारा. उत्तराऐवजी प्रवचन मिळालं तर तिथून उठून या.

सकाळी अंधारातच बस आमच्या दारासमोर थांबते, चालवणारी दुसरीच असते. आइली खिडकीत येते.

"चढली का रे सगळी पोरं?" ती विचारते. मी बघून सांगतो.