उशिरा दबलेलं बटण

अहो, इकडे बघा, वर उजव्या कोपऱ्यात. मी कीबोर्डवरचं प्रिंट स्क्रीनचं बटण बोलतोय. माझ्यावरचं नाव शोधू नका, ते केव्हाच पुसलं गेलंय. मला दाबलं की पडद्यावर त्या क्षणी जे असेल त्याचं चित्र धरून ठेवतो. जन्मभर एवढंच केलं आणि खरं सांगतो, आता जीव दमलाय.

लोकांच्या घरी आमची जात निवांत असते, वर्षानुवर्षं कोणी हात लावत नाही. माझ्या नशिबी मात्र फोटो स्टुडिओ आला. आमचा फोटोवाला माणूस चांगला, पण त्याची रीत अजब. लोक व्हिडिओ घेऊन येतात आणि म्हणतात, "यातून यांचा एक फोटो काढून द्या." व्हिडिओ थांबवला की त्याच्या प्लेअरचं भलंमोठं चिन्ह नेमकं चेहऱ्यावर येऊन बसतं. ते कसं घालवायचं हे शिकून घ्यायचा त्याला आळस. म्हणून चालत्या व्हिडिओतच मला दाबायचं. जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून तो टपून बसतो आणि खटकन बोट आपटतो. डोळे मिटलेले आले, की पुन्हा. तोंड वाकडं आलं, की पुन्हा. चूक पडद्यावरच्या माणसाची आणि मार मला.

फोटो छान आला की कौतुक प्रिंटरचं! असो. हळूहळू माझ्या अंगाखाली बिस्किटांचा चुरा साठला, त्यावर एकदा चहा सांडला. मग दाबलं तरी मी अडकायचो आणि जरा वेळानं टक् व्हायचो. "अहो, बदला आता हा कीबोर्ड," फोटोवाल्याची बायको म्हणायची. "चालतंय तोवर चालू दे गं," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

एके दिवशी एक भाऊ-बहीण आले. आई नुकतीच गेली होती आणि भिंतीवर लावायला तिचा एकही फोटो नव्हता.

"कॅमेरा दिसला की तोंडावर हात धरायची हो," बहीण म्हणाली. "एवढा एक व्हिडिओ आहे. दादानं मोबाइलवर काढलेला."

व्हिडिओ सुरू झाला. आई भांडी विसळत होती. मुलाकडे वळली आणि लगेच ओला पंजा चेहऱ्यासमोर. "बंद कर रे ते! माझं काय थोबाड काढतोस?"

फोटोवाल्यानं मला दाबलं. पंजा आला. पुन्हा दाबलं, कान आला. पुन्हा, अर्धी हनुवटी.

"पंजाच द्या मोठा करून," भाऊ म्हणाला. "पाठीला तोच जास्त ओळखीचा आहे."

बहीण हसली नाही. पर्स उचलून म्हणाली, "राहू दे दादा. चल."

"थांबा ताई, शेवटचं एकदा," फोटोवाला म्हणाला. बोटांच्या फटीतून डोळा दिसला आणि त्यानं मला दाबलं. मी अडकलो. व्हिडिओ पुढे सरकला. आईचा आवाज आला, "झाला का बंद?" मुलगा म्हणाला, "हो." तेव्हा कुठे मी टक् झालो आणि व्हिडिओ संपला.

गेलं वाया, असं पुटपुटत फोटोवाल्यानं चित्र उघडलं. पडद्यावर आई होती. हात खाली घेतलेला, केसांची एक बट कपाळाला चिकटलेली. हसत नव्हती, नुसती लेकाकडे बघत होती. तिघंही पडद्याकडे वाकले. माझाही थकवा क्षणभर पळाला.

"दादा, ही इतक्या वेळा बघून कशी दिसली नाही रे आपल्याला?"

"शेवटी निमिषभरच आहे ना," भाऊ म्हणाला. "बंद झाला का विचारलं तिनं. मी खोटंच हो म्हणालो, म्हणून तिनं हात खाली घेतला."

बहिणीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "बरं केलंस," ती म्हणाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत नवा कीबोर्ड आला. मी आता कपाटावर पालथा पडून आहे, स्वतःचीच वायर अंगाभोवती गुंडाळून. खाली नवं बटण चटचट कामं उरकतं, ते मला ऐकू येतं. माझ्या परतण्याची आशा नाही आणि इच्छाही नाही. त्याला कोणीतरी माझा एवढा निरोप द्या: बाबा रे, अधूनमधून जरा उशीर करत जा. काही माणसांना हात खाली घ्यायला वेळ लागतो.