ऐकत नाही

डॉक्टरीणबाईंनी मुलीच्या कानातला कापसाचा बोळा चिमट्याने ओढून काढला आणि नाक मुरडलं.

“काय घातलंत यात?”

“तेल. कोमट करून,” आई म्हणाली.

“कान आहे की कढई?”

दाराबाहेरच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. आईचा पारा चढला. सकाळपासून रांगेत उभी राहून तिच्या पायांचे तुकडे पडले होते, आणि वर हा शहाणपणा. शाळेतल्या बाईंनी कालच बजावलं होतं : कानाला वास येतो, शेजारी कोणी बसत नाही, बरी झाल्याशिवाय पाठवू नका. जो तो उठतो आणि तिलाच सुनावतो.

“दवाखाना फुकट, म्हणून बोलणीही फुकट का?”

“कान केव्हापासून वाहतोय आणि आज आणताय. सत्कार करू तुमचा?”

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कान पुसले, दिवा धरून आत पाहिलं. दोन्ही पडद्यांना भोकं होती. त्यांनी ते सांगितलं आणि विचारलं, “ही ऐकत नाही कधीपासून?”

“पहिल्यापासून. बापावर गेलीय. दहा हाका मारा, ढिम्म. पाठीत धपाटा बसला की बरोबर धावते.”

“खोड्यांचं नाही विचारत मी. हिला ऐकू येत नाहीये.”

“येतं की. मी बोलले की ऐकते.”

“तुम्ही बोलत नाही, ओरडता. माझेही कान किटलेत.”

डॉक्टरीणबाई मुलीच्या पाठीमागे गेल्या आणि साध्या आवाजात म्हणाल्या, “बाळ, उठ.” मुलगी स्टुलावर पाय हलवत बसून राहिली. सवयीने आईचा हात धपाट्यासाठी उठला. तो तिने तसाच खाली घेतला.

“बरी होईल?”

“पडदे भरून येतील बहुतेक. ऐकू किती येईल, ते नंतर बघू. तेल बंद. धपाटेही.”

डॉक्टरीणबाईला चार शब्द सुनावावेत असं आईला फार वाटलं. पण तिने नुसती औषधाची बाटली घेतली आणि मुलीला ओढतच बाहेर आणलं.

पायऱ्यांवर बसून तिने मुलीला जवळ घेतलं. तिच्या खांद्यावर तोंड टेकवून, कधी नव्हे इतक्या हळू विचारलं, “खूप दुखायचं का गं?”

 मुलीने मान वळवून आईचा चेहरा बघायचा प्रयत्न केला.

“आई, बोल ना,” ती म्हणाली. “रागावलीस?”