शेंदराखाली

मित्रांनो, मी एक काळा दगड आहे. जुना म्हणवत नाही, दगडांच्या जातीत मी अजून तान्हाच. १९९१ साली अंदमानजवळच्या बॅरन बेटावरचा ज्वालामुखी जागा झाला, तेव्हा मी जन्मलो. आज पद्माताईंच्या पिशवीतून गंगेवरच्या अमृतराव घाटाकडे चाललो आहे. घाट येण्याआधी माझं सांगून व्हायला हवं, म्हणून घाईत सांगतो.

मला काशीला आणलं ते त्यांच्या यजमानांनी, रत्नाकररावांनी. ते इथे भूगर्भशास्त्र शिकवत. त्यांना एकच ध्यास होता.

"पद्मा, आपली गंगा गाळ वाहून समुद्रात नेते. अंदमानपाशी समुद्राचा तळच वाकून खाली सरकतो. त्याच्याबरोबर हा गाळही जात असेल. खोल गेल्यावर त्यातलं पाणी सुटतं, त्या पाण्याने वरचा तापलेला खडक वितळतो आणि असा दगड होऊन बाहेर येतो. याच्यात गंगेचा गाळ किती, ते मला शोधायचंय."

"आता दगडात पण गंगा!" पद्माताई हसायच्या.

उत्तर माझ्या पोटातल्या शिशात होतं. गाळातलं शिसं वेगळ्या घडणीचं, खोलवरच्या खडकातलं वेगळ्या. नीट मोजलं की कळतं. माझी भावंडं आधीच्या तपासण्यांत दळली गेली. मी एकटा उरलो आणि दूरच्या प्रयोगशाळेत नंबर लागायची वाट पाहत फडताळात बसलो. फार गर्व होता मला तेव्हा.

१९९५ मध्ये रत्नाकररावांचं हृदय बिघडलं. डॉक्टरांनी हात टेकले. मग पद्माताईंनी मला फडताळातून उचललं, तेलात शेंदूर कालवून फासला आणि मारुती म्हणून देवघरात बसवलं. "यांना वाचव रे," म्हणून माझ्यापुढे डोकं टेकून रडायच्या. मी काय वाचवणार, मित्रांनो? लाजेने मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आणि शेंदूर म्हणजे तरी काय? शिसंच! माझ्या अंगाला बारीक भोकं फार. दर शनिवारी नवा लेप चढे आणि तेलाबरोबर थोडा आत मुरे, माझ्या शिशात मिसळे.

रत्नाकरराव खरोखरच उठून बसले. त्याच आठवड्यात प्रयोगशाळेचं पत्र आलं. मला पाहून त्यांनी कपाळाला हात लावला.

"अगं, हे काय केलंस! याला आता फोडायलाच हवं. गाभा अजून कोरा असेल. सुपारीएवढा मिळाला तरी पुरे."

पद्माताई देवघरापुढे आडव्या आल्या. "डॉक्टरने तर जवाब दिला होता. यानेच तुम्हाला उठवलं. याला फोडलंत आणि तुम्हाला काही झालं, तर मी कुठे जाऊ?"

रत्नाकररावांनी हातातली हातोडी खाली ठेवली. "बरं. मी चालायला लागेपर्यंत राहू दे."

ते चालायला लागलेच नाहीत. सात शनिवार गेले, सात लेप चढले. आठव्या आठवड्यात त्यांना मणिकर्णिकेच्या स्मशानघाटावर नेलं. त्यानंतर पद्माताई देवघराकडे फिरकल्या नाहीत. आज सकाळी आल्या आणि मला पिशवीत घातलं.

घाट आला. त्या शेवटच्या पायरीवर बसल्या आहेत. मला मांडीवर घेतलं आहे.

"तुझ्यावर रागावू तरी कशी? तू दगडच होतास. मीच तुला देव केलं, आणि यांचं काम राहून गेलं."

राहिलेलं नाही हो पद्माताई! गाभा कोरा आहे, मला आतून कळतं. मित्रांनो, माझा आवाज त्यांना पोचत नाही, तुम्ही तरी सांगा. पद्माताई, मला फार जपलंत, फार हात जोडलेत. आता खरंच जपायचं असेल तर एक घाव घाला. मला फोडा आणि विचारा, मी सगळं सांगेन.

त्यांनी मला दोन्ही हातांत धरून पाण्याखाली नेलं आहे. अजून सोडलेलं नाही.