समोरची खुर्ची

बाईंनी कागदाची पट्टी चिमणीच्या ओठांसमोर धरली आणि म्हणाल्या, "बोल. पट्टी हलता कामा नये."

चिमणी बोलली. पट्टी हलली.

"शब्द उच्चारायचाय, चूल फुंकायची नाहीये. पुन्हा."

वर्ग हसला. पट्टी पुन्हा हलली. तिसऱ्यांदा चिमणीने श्वास इतका आवरून धरला की शब्दच बाहेर आला नाही, तेव्हा बाईंनी पट्टी चुरगाळून टेबलावर टाकली.

"परदेशी जायची स्वप्नं पडतात म्हणे आपल्याला," त्या म्हणाल्या. "बसा खाली."

परभाषा विभागात बाईंचा असा दरारा होता. त्यांनी रडवली नाही अशी मुलगी विभागातून बाहेर पडलेली नव्हती, आणि मुलंही काही कमी रडली नव्हती. त्या स्वतः मात्र त्या देशात कधी गेल्या नव्हत्या. उमेद होती तेव्हा जायची सोय नव्हती आणि सोय झाली तेव्हा उमेद उरली नव्हती, असं विभागात दबक्या आवाजात म्हणत. भाषा त्या शिकल्या पुस्तकांतून आणि जुन्या टेपांतून. त्या टेपांमधला माणूस प्रत्येक वाक्यानंतर थांबायचा.

दर वर्षी विभागातून एकजण तिथल्या विद्यापीठात वर्षभरासाठी जायचा. नाव बाई ठरवत. चिमणीच्या आईने मावशीकडून मोठी बॅग आणून कपाटावर ठेवली होती, आणि कोणी विचारलं की "अजून नक्की नाही हो," असं म्हणताना तिचा चेहरा नक्की असल्यासारखा खुलायचा. चिमणी भांडी घासताना कानात इअरफोन घालून त्या देशातल्या लोकांच्या गप्पा ऐकायची. भाजीचे भाव, नवऱ्यांच्या तक्रारी, शेजाऱ्यांची भांडणं. पट्टी हलायची ती हलायची, पण कान तयार झाला होता.

मग तिथले प्राध्यापक पाहुणे म्हणून आले. व्याख्यान झाल्यावर बाईंच्या खोलीत चहा होता. विभागप्रमुख दुसऱ्याच भाषेचे, त्यांना यातलं अक्षर कळत नव्हतं, म्हणून त्यांच्यासाठी दुभाषी म्हणून चिमणीला बसवलं. बाईंना अर्थातच दुभाष्याची गरज नव्हती.

पाहुणे भरभर बोलत होते, अर्धे शब्द गिळत, घरात बोलावं तसं. प्रवासात पाय अवघडले, असं ते म्हणाले. बाईंनी हसून मान हलवली. ही इमारत कधीची, असं त्यांनी विचारलं. बाईंनी हसून मान हलवली. चिमणी प्रमुखांच्या कानाशी कुजबुजताना अडखळली. बाईंना काही कळत नव्हतं. समोरच्या माणसाच्या तोंडून येणारं एकही वाक्य त्यांना धरता येत नव्हतं, आणि कपाच्या कानाभोवती त्यांची बोटं पांढरी पडली होती. चिमणीला आनंद व्हायला हवा होता. तिला त्यांची दया आली.

पाहुण्यांनी कप खाली ठेवला आणि किंचित हसून सांगितलं, की त्यांची बायको मागच्या महिन्यात गेली. या दौऱ्यावर ती सोबत येणार होती.

त्या देशात माणूस आपलं दुःख हसून सांगतो, ऐकणाऱ्यावर ओझं नको म्हणून. ऐकणाऱ्याने तेव्हा मान खाली घालायची असते. संस्कृतीच्या तासाला बाईंनीच हे शिकवलं होतं, परीक्षेत हमखास विचारायच्या.

बाई हसल्या. अगदी मोकळेपणाने, दात दिसेपर्यंत.

पाहुण्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच थिजलं. काही ठरवायच्या आत चिमणीच्या तोंडून त्या भाषेत निघून गेलं, "माफ करा, चूक माझी आहे. तुम्ही बायकोच्या मृत्यूचं सांगत होता तेव्हा मी बाईंना खुणेने हसवलं. त्या मला हसल्या."

चिमणीचं बोलणं वर्गातलं, सुटं सुटं. ते बाईंना पूर्ण कळलं. त्यांचा चेहरा झरझर बदलत गेला. त्यांनी पाहुण्यांपुढे मान खाली घातली आणि छापील पुस्तकासारख्या सुंदर वाक्यांत सांत्वन केलं. मग त्याच भाषेत, तितक्याच सुंदर वाक्यांत, चिमणीला म्हणाल्या, "कुठे गप्प बसावं, हे तुझ्या घरात कोणी शिकवलेलं दिसत नाही. बाहेर जाऊन उभी राहा."

ती उठली. पाहुणे तिच्याकडे बराच वेळ बघत होते. दाराबाहेर उभं राहून तिने डोळे पुसले आणि स्वतःची समजूत घातली, की बाई मनाने मोठ्या आहेत, हे विसरणार नाहीत.

आठवड्याने फलकावर नाव लागलं. लंबूचं. मागच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघणारा, बाईंनी 'हो' म्हटलं की हो म्हणणारा लंबू. त्याचा स्वतःचाही विश्वास बसत नव्हता.

जिन्यात विभागप्रमुख भेटले. भला माणूस, मुद्दाम थांबले.

"वाईट वाटलं गं. पण घरच्यांवर राग धरू नकोस."

"घरच्यांवर?"

"घरून नाही म्हणाले ना? बाई म्हणाल्या, आई सोडायला तयार नाही. नाहीतर पाहुणे तुझ्यावरच खूश होते. गाडीत बसताना मोडक्यातोडक्या इंग्रजीत मला म्हणाले, चूक अंगावर घेणारी ती मुलगी पाठवा."

चिमणीने कठडा धरला. पाहुण्यांना सगळं कळलं होतं तर.

बाई पेपर तपासत होत्या. ती आत आली तरी पेन थांबलं नाही.

"बाई, माझ्या घरून कोणीही नाही म्हटलेलं नाही."

"माहीत आहे मला."

"मग असं का केलंत?"

"तू गेलीस तर इथे माझ्याजवळ कोण बसणार?"

क्षणभर चिमणीला ते मायेचं वाटलं. बाईंनी पान उलटलं.

"पुढच्या महिन्यात वकिलातीतून एक बाई येणार आहेत. कुलगुरूही असतील. तेव्हा शेजारी बसू नकोस, समोर बस. तुझा चेहरा मला दिसला पाहिजे. हसण्यासारखं असेल तिथे हसायचं, नसेल तिथे मान खाली. तेवढं जमेल?"

"आणि माझं जाणं?"

"आधी पास तर हो. तोंडी परीक्षेचे मार्क माझ्या हातात आहेत, हे तुला कोणी सांगायला नको." त्यांनी पहिल्यांदाच वर पाहिलं. "आणि त्या दिवशी चूक कोणाची होती, ते तू स्वतःच्या तोंडाने सांगितलंयस. पाहुण्यांसमोर."

चिमणीने घरी नाव लागलं नाही एवढंच सांगितलं. आई चपापली.

"माझं काही चुकलं का गं? त्या संमतीच्या कागदावर सही मराठीत केली म्हणून तर नाही ना? मी येऊन भेटू का बाईंना? पाया पडेन मी त्यांच्या."

"नको," चिमणी म्हणाली. "बाईंना तू आवडणार नाहीस." ते बोलताना आपला आवाज बाईंसारखा आला, हे तिला जाणवलं. संध्याकाळी आई एकटीच बॅग मावशीकडे पोचवून आली.

वकिलातीतल्या बाई आल्या तेव्हा बैठकीची खोली भरली होती. कुलगुरू, प्रमुख, नवी कोरी टोपी घातलेला लंबू. चिमणी समोरच्या खुर्चीत बसली. पाहुणीने हवेबद्दल गमतीत काही म्हटलं, चिमणी हसली, बाई हसल्या. पाहुणीने ग्रंथालयाची स्तुती केली, चिमणीचा चेहरा फुलला, बाईंचाही. घड्याळासारखं चाललं होतं. कुलगुरू प्रमुखांकडे झुकून म्हणाले, "काय प्रभुत्व आहे हो बाईंचं!" आणि बाईंच्या गालांवर चक्क तरुण मुलीची लाली चढली.

मग पाहुणी लंबूकडे बघून किंचित हसली. म्हणाली, माझा धाकटा मुलगा याच वयाचा होता. गेल्या हिवाळ्यात तळ्यावरचा बर्फ फुटला. सापडायला तीन दिवस लागले.

ती बाईंकडे बघत होती, चेहऱ्यावर ते लहानसं हसू तसंच धरून. बाईंनी अलगद नजर चिमणीकडे वळवली.

चिमणीची मान सवयीने खाली निघाली होती. तिने ती थांबवली. पाहुणीच्या मांडीवर एकमेकांत घट्ट अडकवलेले हात तिला दिसले. पाणी आणून द्यावं का यांना, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

मग बाईंच्या डोळ्यांत डोळे घालून ती छान हसली.

आणि बाई, तिच्याहून थोड्या मोठ्याने, हसल्या.